दूध किती, हे पिणारा ठरवतो

नांदगावच्या आसपासच्या वस्त्यांवर दिवस कलताना शेळ्या रानातून परततात, तेव्हा आधी ऐकू येतो तो करडांचा कालवा. दिवसभर डालग्याखाली कोंडलेली करडं आईचा आवाज लांबूनच ओळखतात. डालगं उचललं की दोन्ही करडं एकदम शेळीच्या मागच्या पायांत घुसतात, एकेक सड तोंडात धरतात आणि खालून कासेला ढुशी मारतात. ढुशी इतकी दांडगी असते की शेळीची मागची बाजू उचलली जाते. शेपट्या लटलट हलत असतात, गुडघे टेकलेले असतात, आणि दोन-चार घोटांनंतर पुन्हा ढुशी. शेळी मात्र लांब कुठेतरी बघत रवंथ करत उभी असते. देणारी शेळी आणि घेणारी करडं, असाच हा व्यवहार बघणाऱ्याला दिसतो.

शरीरशास्त्राने गेल्या साठ-सत्तर वर्षांत या व्यवहाराची वही बरीच उलटी वाचली आहे. दूध किती बनायचं, ते कधी सुटायचं, त्यासाठी आईच्या हाडांतून किती कॅल्शियम निघायचं, तिचं आतडं किती वाढायचं, तिची कुठली चरबी आधी खर्ची पडायची, याचा मोठा भाग पिणाऱ्या तोंडाकडून ठरतो. आणि हे उलगडण्यात शेळीनेच सगळ्यात जास्त साथ दिली.

नाशिक जिल्हा म्हटलं की द्राक्षमळे आणि पावसाने भिजलेले घाट डोळ्यांपुढे येतात. नांदगाव त्या चित्रात बसत नाही. मनमाडच्या पुढचा, एका अंगाला खानदेश आणि दुसऱ्या अंगाला मराठवाडा असा बेचक्यातला हा कोरडा मुलूख. गिरणा धरण हाकेच्या अंतरावर आहे, पण त्याचं शेतीचं पाणी मुख्यतः जळगाव जिल्ह्याकडे जातं. इथल्या बऱ्याच शेताला आभाळाचाच भरवसा. गाय पोसणं जिथे जड जातं तिथे शेळी निभावून नेते. नगर, नाशिक, पुणे ही संगमनेरी शेळीची भूमी. तिला जुळी होणं नवलाचं नाही. जुळ्यांची आई एका करडाच्या आईपेक्षा जास्त दूध देते, हे शेळी पाळणाऱ्या कुणालाही विचारावं. दोन तोंडं जास्त ओढतात हे कारण तर आहेच. पण १९७९ मध्ये ब्रिटिश संशोधकांनी आणखी एक गोष्ट दाखवली. जास्त करडं पोटात असली की वारेतून सुटणारं प्लॅसेंटल लॅक्टोजेन नावाचं हार्मोन शेळीच्या रक्तात जास्त असतं, आणि व्यायल्यावर तिचं दूधही जास्त भरतं. वार ही मुख्यतः पिल्लाच्या बाजूची घडण. म्हणजे करडाने अजून डोळे उघडलेले नसतात, सड पाहिलेला नसतो, तेव्हापासून त्याने कास वाढवायला घेतलेली असते.

खरी गंमत व्यायल्यानंतरची आहे. शेळीच्या कासेचे दोन भाग असतात, प्रत्येकाला स्वतःचा सड, आणि एका भागातलं दूध दुसऱ्यात जात नाही. रक्त मात्र दोन्हींना तेच. स्कॉटलंडमध्ये एअर इथे हॅना रिसर्च इन्स्टिट्यूट नावाची दूधविषयक संशोधन संस्था होती. तिथे माल्कम पीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८०च्या दशकात या रचनेचा छान उपयोग करून घेतला. शेळीच्या एका बाजूची धार दिवसातून दोनदा काढायची, दुसऱ्या बाजूची तीनदा. काही दिवसांत तीनदा पिळलेल्या बाजूचं दूध वाढलं. दुसरी बाजू होती तिथेच राहिली. हार्मोन रक्तातून येतं आणि रक्त दोन्ही बाजूंना सारखंच पोचतं, तेव्हा हा फरक हार्मोनने केलेला नसणार. तो त्या त्या बाजूच्या आतच घडत होता.

मग शंका आली, की कास रिकामी झाल्याने आतला ताण कमी होतो, म्हणून तर दूध जास्त बनत नसेल? त्यांनी दूध काढून घेतलं आणि तेवढंच साखरेचं निर्जंतुक द्रावण सडातून आत सोडलं. कास पुन्हा तट्ट फुगलेली, तरीही दूध जोरात बनत राहिलं. याचा अर्थ अडवणारी गोष्ट दुधातच होती. साठून राहिलेल्या दुधातलं काहीतरी त्या पेशींना सांगत होतं, की पुरे आता. ते दूध बाहेर गेलं की सांगणारंही जातं आणि पेशी पुन्हा कामाला लागतात. या द्रव्याचा शोध पुढे बरीच वर्षं चालला. सिनसिनाटीच्या नेल्सन हॉर्समन यांच्या गटाने सेरोटोनिनकडे बोट दाखवलं. मेंदूतलं म्हणून आपण ज्याचं नाव ऐकतो ते हेच, पण ते स्तनाच्या पेशीही स्वतः बनवतात. दूध साठलं की तेही साठतं, आणि दूध बनण्याचा वेग खाली आणतं. या सेरोटोनिनला लक्षात ठेवा, पुढे त्याचं आणखी एक काम येणार आहे.

याच्याही आधी, १९६०च्या दशकात, केंब्रिजजवळच्या बॅब्रहॅम इथे जेम्स लिन्झेल यांनी शेळीची कास उचलून तिच्या मानेवर लावली होती, मानेतल्या रक्तवाहिन्यांना जोडून. नसा तुटलेल्या, जागा बदललेली, तरी ती कास दूध देत राहिली. ऐकायला हे अघोरी वाटतं आणि थोडं आहेही. पण दूध बनण्यासाठी नसांची गरज नाही, हे त्यातून पक्कं झालं.

दूध बनायला नसा लागत नाहीत, ते सुटायला लागतात. पान्हा फुटणं ही निराळी क्रिया आहे. करडू सड ओढतं, त्याची संवेदना पाठीच्या कण्यातून मेंदूपर्यंत जाते, मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून ऑक्सिटोसिन रक्तात उतरतं, आणि दुधाच्या बारीक पिशव्यांभोवतीचे स्नायू आवळले जाऊन दूध खाली येतं. शेळीच्या कासेत खाली मोठी टाकी असते, बरंचसं दूध तिथे आधीच उतरून बसलेलं असतं, म्हणून शेळी फारसा नखरा करत नाही. म्हशीचं तसं नाही. तिचं जवळजवळ सगळं दूध वरच्या पिशव्यांत असतं, टाकीत नाममात्र. पान्हा फुटला नाही तर कितीही पिळा, हाती काही लागत नाही. म्हैस पान्हा चोरते म्हणून तिला शिव्या घालणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं, की ती चोरत नाही. तिच्या अंगाची ठेवणच तशी आहे. रेडकू मेलं तर त्याच्या कातड्यात पेंढा भरून ते म्हशीपुढे उभं करण्याची जुनी युक्ती याच जागेवर बोट ठेवते. तबेल्यांमधून चोरून टोचली जाणारी ऑक्सिटोसिनची इंजेक्शनंही याच जागेवर घाला घालतात, फक्त निर्दयपणे.

पिल्लाने तोंड लावायचीही गरज नसते, नुसता आवाज पुरतो. बाळ रडलं की दुसऱ्या खोलीतल्या आईचा पदर ओला होतो, हे कुठल्याही बाळंतिणीच्या घरात माहीत असतं. न्यूयॉर्क विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी २०२३ मध्ये उंदरांच्या मेंदूत याची वाट शोधून काढली. पिल्लांचा आवाज कानातून मेंदूच्या मध्यावरच्या एका छोट्या केंद्रात जातो आणि तिथून ऑक्सिटोसिन सोडणाऱ्या पेशींवरचा लगाम सैल होतो. आवाज क्षणभर आला तर काही होत नाही. तो सतत येत राहिला तर लगाम सैल होतो आणि काही वेळ सैलच राहतो. हे सोयीचंही आहे, कारण प्रत्येक चिवचिवीला पान्हा फुटत राहिला तर आई दिवसभर गळतच राहील.

दूध किती बनायचं, याबाबत माणसाच्या आईतही शेळीपेक्षा वेगळं काही नाही. ऑस्ट्रेलियातल्या पीटर हार्टमन यांच्या गटाने १९८६ मध्ये जुळी पाजणाऱ्या आयांचं दूध मोजलं. एकट्या बाळाची आई रोज साधारण पाऊण लिटर दूध देते. जुळ्यांच्या काही आया दोन लिटरच्या घरात होत्या, आणि तिळी पाजणारी एक आई तीन लिटरच्या आसपास. बाई वेगळी नव्हती, मागणारी तोंडं जास्त होती. म्हणून ‘दूध पुरत नाही’ या वाक्याकडे जरा संशयाने बघावं असं मला वाटतं. थायरॉइडचा विकार, वारेचा तुकडा आत राहणं, बाळंतपणात झालेला मोठा रक्तस्राव अशी खरी कारणं असतात आणि त्यांना डॉक्टरच लागतो. पण बऱ्याच घरांत घडतं ते असं, की बाळ रडलं म्हणून वरचं दूध सुरू होतं, वरचं दूध प्यालेलं बाळ कमी ओढतं, साठलेलं दूध पुरे म्हणतं, आणि आठवड्याभरात दूध खरोखरच पुरेनासं होतं. सासू म्हणते, मी म्हटलंच होतं.

आता कॅल्शियमकडे वळू. इथे आईचं अंग किती वाकवलं जातं ते गोठ्यात उघड्या डोळ्यांनी दिसतं.

संकरित, भरपूर दुधाची गाय व्यायल्यावर दोन-तीन दिवसांत अचानक बसते आणि उठत नाही. मान वळवून कुशीवर टेकते. कान हाताला गार लागतात, नाकपुडी कोरडी, डोळे निस्तेज. ताप नसतो, तरी याचं नाव दुग्धज्वर. जनावरांचे डॉक्टर येतात, मानेच्या शिरेत सुई लावतात आणि कॅल्शियमची बाटली अंगाच्या उष्णतेइतकी कोमट करून हळूहळू सोडतात; एक कान हृदयाच्या ठोक्यांवर, कारण घाई केली तर हृदय थांबू शकतं. बाटली संपता संपता गाईच्या अंगावर थरथर येते, ती ढेकर देते, लघवी करते, आणि बऱ्याचदा तासाभरात झटक्यात उठून उभी राहते. जवळ उभ्या माणसांचा विश्वास बसत नाही.

यामागचा हिशेब सोपा आणि भयंकर आहे. दहा किलो चिकात सुमारे २३ ग्रॅम कॅल्शियम असतं. गाईच्या सगळ्या रक्तरसात मिळून जेवढं कॅल्शियम असतं त्याच्या हे नऊपट. वासराला हवं ते एका धारेत निघून जातं. हाडांतून भरपाई यायला एक-दोन दिवस लागतात. तेवढा उशीर झाला तर स्नायू लुळे पडतात.

आजारावरचा पहिला यशस्वी उपाय मात्र कॅल्शियम नव्हता. डेन्मार्कमधल्या कोल्डिंग गावचे पशुवैद्य युर्गेन श्मिट यांना वाटलं, की कासेत कसलं तरी विष तयार होत असावं. म्हणून १८९७ मध्ये त्यांनी सडांतून आयोडाइडचं औषध आत सोडलं. गाई वाचल्या. काही वर्षांतच कळलं, की औषधाची गरज नाही, नुसती हवा भरून कास फुगवली तरी गाय उठते. पंपाने कास फुगवायची, सड फितीने बांधायचे, आणि वाट बघायची. जगभर हजारो गाई अशा वाचल्या. रोगाचं कारण मुळातच चुकीचं धरलं होतं, विष वगैरे काही नव्हतं. पंपाच्या दाबाने नेहमीपेक्षा फारच जास्त फुगलेल्या कासेत नवं दूध बनणं थांबतं आणि कॅल्शियमची गळती थांबते, म्हणून गाय उठत होती. रक्तातलं कॅल्शियम उतरतं हे १९२०च्या दशकात समजलं आणि बाटली त्याच्याही नंतर आली.

बाई सहसा अशी कोसळत नाही, कारण तिच्या बाळाची मागणी अंगाच्या मानाने हळू वाढते. दिवसाला साधारण २०० ते ३०० मिलिग्रॅम कॅल्शियम दुधातून जातं. पण तेही येतं बऱ्याच अंशी हाडांतूनच. इथे ते सेरोटोनिन पुन्हा भेटतं. प्राण्यांमधल्या प्रयोगांत असं दिसलं, की स्तनाच्या पेशींतलं सेरोटोनिन त्याच पेशींना एक हार्मोन बनवायला लावतं. त्याचं लांबलचक नाव पॅराथायरॉइड हार्मोनसारखं प्रथिन. ते स्तनातून रक्तात जातं, हाडांपर्यंत पोचतं आणि तिथलं कॅल्शियम सुटं करतं. बाळ ओढतं म्हणून अंडाशयातलं इस्ट्रोजेनही खाली असतं, त्यामुळे हाडांचा पहारा ढिला असतो. पूर्ण अंगावर पाजणाऱ्या बाईच्या कण्याच्या हाडांतलं खनिज सहा महिन्यांत ३ ते १० टक्क्यांनी कमी होतं. पाळी गेलेल्या बाईला इतकं गमावायला वर्षं लागतात.

मग कॅल्शियमच्या गोळ्या द्याव्यात, असं कुणाच्याही मनात येईल. ते करून पाहिलेलं आहे. १९९७ मध्ये अमेरिकेत झालेल्या एका चाचणीत पाजणाऱ्या आयांना रोज एक ग्रॅम कॅल्शियम दिलं. हाडांची झीज थांबली नाही. गांबियात, जिथे बायकांच्या जेवणात कॅल्शियम अगदीच कमी, तिथेही गोळ्यांनी ना दुधातलं कॅल्शियम वाढलं ना झीज थांबली. झीज हा आहारातल्या उणिवेचा परिणाम नाही, अंगाने आखलेला कार्यक्रम आहे. आणि तो उलट दिशेनेही आखलेला आहे: बाळाचं पिणं सुटलं की सहा ते बारा महिन्यांत बहुतेक हाड भरून येतं. २०२४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या हॉली इंग्रॅम यांच्या गटाने उंदरांत दाखवलं, की पाजण्याच्या काळात आईच्या मेंदूतून सीसीएन३ नावाचं एक हार्मोन निघतं आणि ते हाड बांधत राहतं. ते अडवलं तर आईची हाडं झपाट्याने खालावतात. एका बाजूने स्तन हाड काढतोय आणि दुसऱ्या बाजूने मेंदू ते सावरतोय, असा हा काळ.

पोटाचं काय होतं? आठ-दहा पिल्लांची उंदरीण एरवीच्या तिप्पट-चौपट खाते. इतकं पचवायला तिचं आतडं लांब आणि जाड होतं, यकृत मोठं होतं. पिल्लं जास्त तर वाढ जास्त, आणि पिल्लं सुटली की सगळं परत जागेवर. प्रश्न असा, की ती याहून जास्त का खात नाही? पिल्लं वाढवली तरी एका हद्दीनंतर दूध वाढत नाही. अॅबर्डीनच्या जॉन स्पीकमन यांनी उत्तर शोधलं ते उष्णतेत. दूध बनवताना अंग तापतं, आणि ही उष्णता बाहेर टाकता येईल तेवढंच दूध बनवता येतं. पटवण्यासाठी त्यांच्या गटाने २००७ मध्ये उंदरिणींच्या पाठीवरचे केस भादरले. अंग गार व्हायला जागा मिळाल्यावर त्यांनी जास्त खाल्लं, दूध सुमारे १५ टक्क्यांनी वाढलं आणि पिल्लंही तेवढीच जड झाली. सगळ्याच प्राण्यांत हे असंच लागू पडतं असं नाही. पण एप्रिल-मेमध्ये मनमाड-नांदगाव पट्ट्यात पारा चाळिशी ओलांडतो, संकरित गाय दुपारी चारा समोर असून तोंड लावत नाही आणि संध्याकाळची धार उतरते, तेव्हा चाऱ्याचा दोष शोधण्याआधी गोठ्याचं पत्र्याचं छप्पर बघावं.

साखर आणि चरबीचीही अशीच फेरमांडणी होते. दुभत्या गाईत एक लिटर दुधामागे कासेतून ४०० ते ५०० लिटर रक्त फिरतं. कासेच्या पेशींना साखर आत घ्यायला इन्सुलिनची परवानगी लागत नाही. स्नायू आणि चरबीला लागते, आणि या काळात त्यांचा हात आखडता घेतला जातो. १९८० मध्ये कॉर्नेल विद्यापीठातले डेल बॉमन आणि ब्रूस करी यांनी ही कल्पना मांडली, की अंग एरवी स्वतःचा समतोल राखतं, पण दुभत्या काळात सगळ्या अवयवांची वाटणी दुधाच्या बाजूने नव्याने केली जाते. बाईच्या मांड्या आणि नितंबांवरची हट्टी चरबी, जी एरवी काही केल्या हलत नाही, ती पाजण्याच्या दिवसांत सुटू लागते. आणि यात आईचा एक फायदाही आहे. कॅलिफोर्नियात गरोदरपणी मधुमेह झालेल्या बायकांचा बाळंतपणानंतर दोन वर्षं पाठपुरावा केला गेला. २०१५ मध्ये आलेल्या त्या निष्कर्षांत दहा महिन्यांहून जास्त पाजणाऱ्या आयांमध्ये मधुमेह होण्याचं प्रमाण, जेमतेम दोन महिने पाजणाऱ्यांच्या निम्म्याहूनही कमी होतं. पोटुशीपणी साठवलेली चरबी आणि सैल झालेली साखरेची व्यवस्था बाळाच्या ओढण्यानेच पूर्ववत होते, असा या क्षेत्रातल्या काहींचा तर्क आहे, आणि मला तो पटतो. मराठी घरांतल्या कमी वयातल्या मधुमेहाचा विचार करता याकडे आपण अजून नीट पाहिलेलं नाही.

आता डिंकाच्या लाडवांकडे येऊ, कारण गाडं शेवटी तिथेच येतं. बाळंतिणीला अळिवाची खीर, खारीक-खोबरं, डिंक, बाजरीची भाकरी, लसणाची चटणी, शतावरी. सगळं कशासाठी? ‘दूध यावं म्हणून.’ १९५८ मध्ये सी. गोपालन यांनी दक्षिण भारतातल्या गरीब बायकांच्या दुधाचा अभ्यास प्रसिद्ध केला. अपुऱ्या जेवणावर जगणाऱ्या या बायका रोज चार-सहाशे मिलिलिटर दूध देत होत्या आणि वर्ष-दीड वर्ष देत राहत होत्या. दूध अपेक्षेपेक्षा फारच टिकून होतं. १९८० मध्ये गांबियातल्या केनेबा गावात केंब्रिजच्या संशोधकांनी उलट बाजूने तेच तपासलं. पाजणाऱ्या आयांना रोज सातशेच्या आसपास जादा कॅलरी दिल्या. दूध वाढलं नाही. आयांचं वजन थोडं सुधारलं, त्यांना बरं वाटू लागलं, आणि रक्तातलं प्रोलॅक्टिन, म्हणजे दूध बनवायला लावणारं हार्मोन, उतरलं. उपाशी आईच्या अंगात ते चढं ठेवून दूध राखलं जात होतं. पोटात अन्न गेल्यावर तेवढी ओढाताण करायची गरज उरली नाही.

थोडक्यात, आई उपाशी असली तरी बाळाला दूध बहुतेक मिळतं. किंमत आईच्या अंगातून वसूल होते. याला अपवाद आहेत आणि ते महत्त्वाचे आहेत. ब१, ब१२, अ जीवनसत्त्व, आयोडीन यांचं दुधातलं प्रमाण आईच्या खाण्यावर चढतं-उतरतं. वर्षानुवर्षं शाकाहारी आणि दूध-दह्यालाही महाग असलेल्या आईच्या दुधात ब१२ कमी पडून बाळाच्या मेंदूवर परिणाम झाल्याची उदाहरणं डॉक्टर पाहतात. पण दुधाच्या मापाबद्दल बोलायचं तर लाडू बाळाच्या नावाने वळले जातात आणि पोचतात आईपर्यंत. पोचू द्यावेत. ‘तुला कशाला, दूध तर येतंय’ असं म्हणून डबा वरच्या फळीवर ठेवला जातो तेव्हा मात्र हिशेब पार चुकतो.

नांदगाव तालुक्यातली कितीतरी कुटुंबं दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला निघतात, आणि या सगळ्या शरीरशास्त्राची परीक्षा उसाच्या फडात होते. नवरा-बायको मिळून एक कोयता. पहाटे फडात शिरलेली ओली बाळंतीण मोळ्या बांधते, डोक्यावरून वाहते. बाळ बांधावरच्या झोळीत, सांभाळायला चार-पाच वर्षांचं भावंड. खाडा केला तर पैसे कापले जातात. दोन पाजण्यांमधलं अंतर चार तास, पाच तास होतं. छाती दगडासारखी होते, दुखते, आणि दूध साठलं की काय होतं ते एअरच्या शेळ्यांनी दाखवलेलंच आहे. खाणं कमी पडून जे दूध आटलं नसतं ते बाळ लांब राहिल्याने आटतं. या बाईला शतावरीचं चूर्ण देऊन उपयोग नाही. तिला दर दोन-तीन तासांनी अर्धा तास बांधावर बसता आलं पाहिजे आणि त्याचे पैसे कापले जाता कामा नयेत. पाजण्यांमधली लांबलेली अंतरं आणखी एक गोष्ट करतात. वारंवार ओढण्यामुळे बीज बाहेर पडणं थांबलेलं असतं. ओढणं विरळ झालं की ते सुरू होतं, आणि ‘अंगावर पितंय, दिवस कसे जातील’ या भरवशावर राहिलेल्या बाईला पुढच्या हंगामाआधीच दिवस जातात. हाड अजून भरून आलेलं नसतं.

पिणं थांबतं तेव्हाही निर्णय पिणाऱ्याचाच असतो, किंवा त्याच्या वतीने माणूस घेतो. करडांना तोडायचं म्हणून शेळीच्या कासेला फडक्याची पिशवी बांधतात, सडांना शेण फासतात. आत दूध साठतं. उंदरांत पाहिलंय, की पहिल्या दोन दिवसांत पिल्लं परत आणून लावली तर दूध पुन्हा सुरू होतं. त्यानंतर पेशी मरू लागतात, दुधाच्या पिशव्या मोडल्या जातात आणि तिथे चरबी भरते. आतडं आखडतं, यकृत लहान होतं, हाडं कॅल्शियम परत घेऊ लागतात.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या शिफारशीनुसार पाजणाऱ्या आईला पहिले सहा महिने रोज ६०० आणि पुढचे सहा महिने ५२० जादा कॅलरी लागतात. अंगणवाडीतून स्तनदा मातेला मिळणारा आहार ६०० कॅलरी आणि १८ ते २० ग्रॅम प्रथिनांचा असतो, आणि तो बाळ सहा महिन्यांचं झालं की बंद होतो. हाडं तेव्हा सगळ्यात रिती असतात.